जयवंतकाकांची उलटतपासणी

टीव्हीवर रडणाऱ्या एकाही बाईवर जयवंतकाकांनी कधी विश्वास ठेवला नाही. नोकरीभर ते डहाणूच्या कोर्टात पट्टेवाले होते. साक्षीदाराला पुकारायचं आणि दाराशी उभं राहून त्याचं ऐकायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी नटांना पिंजऱ्यात उभं केलं.

आमच्या आळीत अभिनयाची मापं ठरलेली होती. नाटकात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, सिनेमात नटाने भूमिकेसाठी वजन घटवलेलं असावं, मालिकेत डोळ्यांतलं पाणी गालावर यावं. काकांचं माप एकच: उलटतपासणीत हा टिकेल का?

"पढवलेला आहे," ते म्हणत. "प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार. खरा माणूस आधी वकिलाकडे बघतो."

काकांचा टीव्ही मोठा, म्हणून संध्याकाळी आळी त्यांच्याकडे जमे. मालिकेतली सून रडू लागली की काका चहाचा कप खाली ठेवत. "नाक कोरडं आहे. नाक वाहत नाही तोवर साक्ष धरायची नाही."

"काका, बघू द्या ना," शेजारच्या नलूबेन म्हणत.

"बघा. पण सही करू नका."

एका गणपतीत चिंचणीचा एक कारकून नाटकात संवाद विसरला आणि मेलेल्या बापासमोर नुसता उभा राहिला. प्रेक्षक हसले. काकांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या. कारकुनाने त्या दिवसापासून नाटक सोडलं. काका मात्र त्याला तालुक्यातला सर्वांत मोठा नट म्हणत राहिले.

काकू गेल्यापासून काका एकटेच होते. मुलगी हेमा वापीला दिलेली. एका संध्याकाळी, मालिका चालू असताना, ती रिक्षातून उतरली. दोन मोठ्या बॅगा होत्या आणि शिलाई मशीन.

"अगं, तू?" काका म्हणाले. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"सहज आले. चार दिवस."

आवाज स्वच्छ होता, हसूही व्यवस्थित. मागे रिक्षावाला मशीन उतरवत होता. आम्ही काकांच्या निकालाची वाट पाहू लागलो.

"जावई नाय आले?" नलूबेननी विचारलं.

हेमा रिक्षावाल्याचे पैसे मोजू लागली.

"मीच बोलावलंय तिला," काका म्हणाले. "मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. माझ्याकडे कोण बघणार?"

मोतीबिंदू खरा होता. पण ऑपरेशनचं नाव काढलं की काका आजवर भडकत आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. "चला, तारीख घेऊन येऊ." डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची तारीख दिली. डावा तपासून उत्तम आहे म्हणाले. मी शेजारीच बसलो होतो.

ऑपरेशननंतर काका काळा चष्मा लावून ओटीवर बसू लागले. हेमा त्यांच्या डोळ्यात थेंब घाली आणि आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवी. मालिका सुरू झाली की काका बाहेरूनच विचारत, "रडते का ती?"

"रडते," हेमा सांगे.

"बरं."

नाकाची चौकशी त्यांनी एकदाही केली नाही.

महिन्याने चष्मा उतरला. त्याच संध्याकाळी नलूबेन म्हणाल्या, "चला, काकांचा डोळा झाला. आता हेमा घरी जायला मोकळी."

आत मशीन थांबली.

"मोकळी कुठली?" काका म्हणाले. "डावा राहिलाय."

नलूबेननी खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहिलं.

"राहिलाय," मी म्हणालो. "घाई करून चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले."