शाल चुकवणारे जॉबरमामा

आमच्या मैदानावर फुटबॉलला ताप येतो. हे मी म्हणत नाही, जॉबरमामा म्हणतात. रविवारी चार वाजता खेळ सुरू होण्यापूर्वी ते क्लबचे सगळे चेंडू बाकावर ओळीने मांडतात, एकेकावर तळहात ठेवून डोळे मिटतात आणि थोडा वेळ तसेच बसून राहतात. मग एखादा चेंडू बाजूला काढून म्हणतात, "याच्या अंगात कसर हाय. आज याला खेळवू नका." आणि खरोखरच त्या दिवशी त्या चेंडूला कोणी पाय लावत नाही. तो बाकाखालच्या सावलीत, मामांच्या टॉवेलवर पडून विश्रांती घेतो.

मुलांनो, रविवारी तुमच्या तिकडच्या, परदेशातल्या सकाळच्या वेळी मी फोन का उचलत नाही, असं तुम्ही विचारता. त्याचं कारण हे मैदान. ते माझ्या गॅलरीच्या बरोबर समोर आहे. पलीकडे गोदामांची निळी छपरं, त्यांच्या मागे खाडी, आणि हिवाळ्याच्या दुपारी या सगळ्यावर एक पातळ, पिवळसर धूळ तरंगत असते. सुताचा पिंजलेला तंतू उन्हात उडावा तशी. त्या धुळीत जॉबरमामा हातात झेंडा घेऊन रेषेवरून चालत असतात. ते आमच्या क्लबचे लाइन्समन.

त्यांचं खरं नाव हिराजी. गाव खारबावच्या बाजूचं. पण सारं आयुष्य भिवंडीत, पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेलं. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा माणूस. शंभर लूम एकदम खडखडत असताना त्यातल्या कोणत्या लूमचं काय दुखतंय हे कानाने कळणं शक्य नाही. म्हणून मामा लोखंडावर हात ठेवून ओळखायचे. ती सवय सुटली नाही. "आवाजात काय हाय? हात लावून बघा," हे त्यांचं जगातल्या सर्व प्रश्नांवरचं उत्तर.

एकदा माझा फ्रिज बंद पडला. मी मेकॅनिकला फोन करत होते, तेवढ्यात मामा क्लबच्या वर्गणीची पावती द्यायला आले. त्यांनी फ्रिजच्या पाठीवर हात ठेवला, मान हलवली आणि म्हणाले, "दमलाय तो. दोन तास झोपू द्या." मी बटण बंद केलं, दोन तासांनी लावलं. फ्रिज आजतागायत चालू आहे. याचं शास्त्रीय कारण मला अजून मिळालेलं नाही, आणि आता मी ते शोधणंही सोडून दिलं आहे.

लूमने मामांना हाताचं शहाणपण दिलं आणि कान काढून घेतले. त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्यामुळे स्वतःचा आवाज किती मोठा आहे याचा त्यांना अंदाज नाही. ते कानाशी लागून गुपित सांगतात आणि ते गुपित गोदामांपर्यंत जातं. एका सामन्याच्या मध्यंतरात त्यांनी आमच्या जुन्या गोलकीपरच्या, रशीदभाईंच्या, कानात हळूच सांगितलं, "पंचांनी केस रंगवलेत. मागं थोडे राहून गेले." मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पंचांचा हात आपोआप मानेमागे गेला.

लाइन्समन म्हणून मामा कसे आहेत, हे विचारू नका. ऑफसाइड म्हणजे काय, हे त्यांना आजवर पटलेलं नाही. "पुढं गेला तर गुन्हा कसला? पुढं जायलाच खेळतात ना?" असं ते विचारतात, आणि याला उत्तर देणं मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड आहे. मामांचा झेंडा त्यांना वाटेल तेव्हा वर जातो. कधी पास वाईट गेला म्हणून, कधी कोणी कोणाला शिवी दिली म्हणून, एकदा तर खाडीवरून बगळ्यांचा थवा आला म्हणून. पण ते दोन्ही बाजूंना सारखेच चुकतात, त्यामुळे त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप कधी कोणी केला नाही.

जुना संघ बहुतेक सगळा लूमवाल्यांचाच होता. लूमच्या खडखडाटात तोंडाने बोलून उपयोग नसतो, म्हणून ही माणसं हातांनी बोलतात. दोन बोटं अशी केली की सूत तुटलं, मूठ तशी फिरवली की पाणी आण, भुवई उडवली की मालक आला. हीच भाषा ते मैदानावर वापरत. समोरचा संघ "दे, दे, मार, मार" असा ओरडत असायचा आणि आमचे अकरा जण एक शब्द न बोलता वाऱ्यासारखे सरकायचे. गॅलरीतून ते बघताना वाटायचं, हा खेळ एका मोठ्या काचेच्या पलीकडे चालला आहे. काही वेळा मी चहा हातात घेऊन बसे आणि चहा गार झाल्यावर लक्षात येई की सामना संपून गेला आहे.

या हिवाळ्यात क्लबने ठरवलं की इतकी वर्षं खेळलेल्या आणि राबलेल्या सगळ्यांचा सत्कार करायचा. क्लबचा सेक्रेटरी निलेश माझा शाळेतला जुना विद्यार्थी. काल्हेरला त्याचं गोदाम आहे. तो येऊन म्हणाला, "बाई, मानपत्रं तुम्ही लिहा. तुमच्याइतकं नीट कोणी लिहिणार नाही." मी एक वही घेतली, रकाने आखले. नाव, काम, कधीपासून.

वर्षं सांगताना माणसं किती उदार होतात, हे मला तेव्हा कळलं. एका डाव्या बगलेच्या खेळाडूने दिलेलं साल खरं मानलं, तर तो पाळण्यातून कॉर्नर मारत असला पाहिजे. फक्त जॉबरमामांचं गणित उलटं चाललं. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "चाळीसेक वर्सं झाली असतील." मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. "बाई, ते चाळीस खोडा. अठ्ठावीस लिवा." चार दिवसांनी पुन्हा आले. "अकरा करा." माझ्या वहीत खाडाखोड झाली की मला झोप लागत नाही. मी मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे धरलं, 'नक्की किती?' मामांनी ते सावकाश वाचलं आणि म्हणाले, "तसा मी नवाच हाय, बाई. नव्या मानसाचा सत्कार करत न्हाईत. माझी शाल रशीदला द्या. त्याला थंडी वाजते."

मी पेन खाली ठेवलं आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मामा बसले. टेबलावर तळहात ठेवले.

"आमच्या कारखान्यात शाल एकदाच मिळायची," ते म्हणाले. "सकाळी शेठ शाल घालायचा, नारळ द्यायचा, फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी त्या मानसाच्या लूमवर दुसरा मानूस. मी किती जणांच्या शाली बघितल्या. ज्याला शाल मिळाली तो परत दिसला न्हाय. मला मैदानावर यायचंय, बाई. शाल नको."

मी हसले. मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हा कारखाना नाही, क्लब आहे.' ते वाचून मामांनी माझ्याकडे जरा करुणेने बघितलं, फ्रिजकडे बघितलं होतं तसं, आणि निघून गेले.

संध्याकाळी मी निलेशला फोन केला. गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, तोही हसेल. तो हसला नाही.

"निलेश?"

"बाई, मामांचं वय बघा ना. रेषेवर पळताना पडले तर? आणि आपल्याला मोठी स्पर्धा भरवायची आहे. ठाण्याहून परीक्षा पास झालेला लाइन्समन येणार आहे. मामांसाठी मंडपात पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय. कायमची. त्यावर नाव लिहायचं."

"मामांना सांगितलंस?"

"सत्काराच्या भाषणात सांगणार होतो. मानाने."

"त्यांना ऐकू येत नाही, निलेश."

"हो ना," तो म्हणाला. हा अडथळा आहे की सोय आहे, हे त्याच्या आवाजावरून मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं. वाईट मुलगा नाही तो. खुर्चीसाठी गादीसुद्धा शिवायला टाकली होती त्याने.

दुसऱ्या दिवशी मी रशीदभाईंकडे गेले. ते ओट्यावर बसून नातीच्या वेणीतला गुंता सोडवत होते. मी म्हटलं, मामांना समजवा, खुर्चीत बसूनही सामना बघता येतो.

"बाई, हिराजी को फुटबॉल से क्या मतलब?" रशीदभाई म्हणाले. "चाळीस साल में गोल किसने मारा, त्याने कधी विचारलं नाही. तो बोलायला येतो. घरी सगळे चांगले आहेत, बेटा चांगला, बहू चांगली. पण ते मोबाइलमध्ये तोंड घालून बोलतात, ओठ दिसत नाहीत. पहिले घरवाली होती ना. ती सुताच्या कांड्या भरायची आमच्याच कारखान्यात. दोघं घरीही हातांनीच बोलायचे. त्यांचं भांडण झालेलं शेजाऱ्यांना कधी कळलं नाही." त्यांनी वेणीचा आणखी एक पेड सोडवला. "ती गेली. कारखाना बंद झाला. आता आम्ही सहा-सात जण राहिलो, तेही फक्त रविवारी. खुर्ची मंडपात, आम्ही बाकावर. इतक्या लांबून माझे हात त्याला दिसणार आहेत का?"

परत येताना वाटेतल्या एका कारखान्यापाशी मी थांबले. आत लूम चालू होते. मी कोणी बघत नाही ना ते पाहून भिंतीला हात लावला. भिंत थरथरत होती, कोणीतरी आत खूप लांबचं काही सांगत असल्यासारखी. मला त्यातलं काहीही समजलं नाही.

सत्काराच्या रविवारी मंडप भरला. एकेकाचं नाव झालं, शाली झाल्या, टाळ्या झाल्या. मग निलेशने पुकारलं, "हिराजीमामा!" कोणी आलं नाही. तीनदा पुकारलं. मामा आले होते, पण मंडपात नव्हते. पार पलीकडच्या रेषेवर उभे होते, हातात झेंडा धरून, मंडपाकडे पाठ करून. मैदानात खेळ चालू नव्हता. ऊन तिरपं झालं होतं आणि ते एकटेच, रिकाम्या मैदानाची राखण करत असल्यासारखे, अगदी ताठ उभे होते.

रशीदभाई उठले. त्यांच्यामागे जुना संघ उठला. गुडघे धरत, लंगडत, नव्या शाली सावरत सगळे मैदान ओलांडून चालू लागले. निलेश शाल आणि माइक घेऊन त्यांच्यामागे धावला, आणि मानपत्र माझ्याच हातात राहिल्यामुळे मलाही जावं लागलं.

मामा वळले तेव्हा सगळे त्यांच्याभोवती उभे होते. पळायला जागा नव्हती. रशीदभाईंनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली. मामांनी ती अंगावर काही सांडल्यासारखी सहन केली. मग रशीदभाईंनी माझ्या हातातला कागद पाहिला आणि मानपत्र हातांनी सांगायला घेतलं. 'निरपेक्ष सेवा', 'अखंड निष्ठा' असं बरंच मी लिहिलं होतं. रशीदभाईंना ते सांगायला फार वेळ लागला नाही. थोड्या खुणा, छातीवर एकदा हात, बस. मामा एकेक बोट डोळ्यांनी वाचत होते. खाली मैदानावर त्या हातांच्या लांब सावल्या हलत होत्या.

हात थांबले. मामांनी इकडेतिकडे पाहिलं, रशीदभाईंच्या कानाशी वाकले आणि आपल्या समजुतीने अगदी हळू विचारलं. निलेशच्या हातातला माइक चालू होता. तो नसता तरी फरक पडला नसता.

"रशीद, पुढल्या रविवारी येऊ ना मी?"

ते सगळ्या मैदानाने ऐकलं. रशीदभाईंचे हात जागच्या जागी राहिले. हे उत्तर त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी निलेशकडे पाहिलं. निलेशने माइक खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. गृहपाठ राहिला की तो वर्गात असाच बघायचा.

मी क्लबची कोणी नाही. माझं काम रकाने भरण्याचं. पण मैदानाला दोन बाजू असतात आणि ठाण्याचा माणूस एका वेळी एकाच बाजूच्या रेषेवर पळू शकतो, हे मला गॅलरीतून इतकी वर्षं दिसत होतं. मी मानपत्र काखेत धरलं आणि हात वर करून मामांना चार बोटं दाखवली. चार वाजता.

माझ्या शेजारी, जरा उशिराने, निलेशचाही हात वर झाला. पण मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते माझ्या बोटांकडेच बघत होते, कितीतरी वेळ. मग शाल सारखी करत पुन्हा रशीदभाईंच्या कानाशी वाकले.

"रशीद," ते म्हणाले, "बाईंना बोलता येतं की."