अण्णांना चहा हवाय

माझे सासरे आवाज न काढता बोलत. मुके नव्हते, घसाही ठणठणीत होता. ओठ हलायचे, भुवया चढायच्या, हात चालायचे, वाक्य सगळं तोंडातून बाहेर पडायचं, आवाज तेवढा आत राहायचा. लग्नानंतर पहिल्यांदा सोलापूरला गेलो तेव्हा त्यांनी दारातच माझं असं स्वागत केलं. मला वाटलं प्रवासात माझेच कान बंद झालेत, म्हणून मी नाक दाबून दोनदा जोर लावला. वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "काय करतोयस? अण्णा या म्हणतायत."

अण्णा सोलापूरच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग, आणि साचेखातं म्हणजे असे शेकडो माग एकाच छपराखाली सुरू. त्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो. म्हणून तिथली माणसं ओठ मोठे हलवून आणि हातांनी खुणा करून बोलतात. तीस-पस्तीस वर्षं असं बोलल्यावर अण्णांच्या कानांनी राजीनामा दिला आणि बोलण्याची ती रीत घरी आली. त्यांच्याकडे आवाजही होता, पण तो खात्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेल एवढ्या ताकदीचा. मधला गिअरच नव्हता.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आम्ही जर्मनीत एर्लांगेनला राहत होतो. सासूबाई, म्हणजे माई, गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि अण्णा सोलापुरात एकटे होते. वैशाली दर रविवारी फोन करायची. पलीकडून "बेस्ट हाय! ठेव!" एवढं यायचं आणि फोन खरंच ठेवला जायचा. माईंच्या तेराव्यालाही ते वैशालीला "बेस्ट हाय" म्हणाले होते. तिला त्याचाच त्रास व्हायचा. "आई गेल्यापासून ते माझ्याशी एक धड वाक्य बोललेले नाहीत," ती म्हणायची. शेवटी तिने त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं, चार ठिकाणं फिरवायचं असं वर वर ठरलं होतं, पण मनात एकच होतं. परत जाण्याआधी अण्णांनी तिच्याशी बोलावं.

डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. अण्णांनी ते कौतुकाने बघितलं, पुसलं आणि खराब होऊ नये म्हणून डबीत ठेवलं. ते डबीतच राहिलं.

एर्लांगेनची शांतता बघून ते आल्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज सुटी हाय का?" बुधवार होता. मग हा प्रश्न रोजचाच झाला. गावात एवढी मोठी कंपनी आहे, हजारो लोक सायकलवरून कामाला जातात, हे मी त्यांना दाखवून आणलं. "भोंगा कधी वाजतो?" त्यांनी विचारलं. भोंगा नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या नोकरीबद्दल मलाच शंका यायला लागली.

त्यांना दिसेल त्या यंत्रावर हात ठेवून बघायची सवय होती. फ्रिज, बस, तळघरातली कपड्यांची मशीन, कशालाही तळवा लावायचे आणि डोळे मिटायचे. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केल्नर यांच्या मशीनला एकदा हात लावून ते म्हणाले, "बेअरिंग जायलंय." मी ते जर्मनमध्ये सांगितलं तेव्हा बाई हसल्या. पुढच्या आठवड्यात मशीनने तळघरात पाणी सोडलं. त्यानंतर बाई जिन्यात अण्णांशी स्वतःहून बोलायला लागल्या. याच बाईंनी ईशा, आमची सहा वर्षांची मुलगी, दुपारी उड्या मारते म्हणून दारावर दोनदा चिठ्ठी लावली होती. दुपारी एक ते तीन आणि रविवारी दिवसभर त्या इमारतीत रूहेत्साइट, म्हणजे शांततेची वेळ. अण्णा जिन्यात भेटले की नुसते ओठ हलवून बोलायचे. बाईंना वाटायचं, नियम पाळतायत. "असा पाहुणा मी आयुष्यात पाहिला नाही," त्या मला म्हणाल्या. मी "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणून पुढे झालो. खरं सांगून काय फायदा होता?

बाकी अण्णांची कटकट अशी काहीच नव्हती. फक्त चहा फार लागायचा. उजव्या हाताची तर्जनी हवेत दोन वेळा गोल फिरवायची, साखर ढवळावी तशी, ही त्यांची चहाची खूण. वैशालीने मला पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "लहानपणापासून बघतेय. अण्णांनी बोट फिरवलं की आई त्यांच्याकडे जायची आणि थोड्या वेळाने चहा यायचा." वेळेचा मात्र काही धरबंध नव्हता. खिडकीतून कोणी कुत्र्याला कोट घालून नेताना दिसलं, की बोट फिरलं. बसमध्ये दोन पोरं खुशाल एकमेकांच्या गळ्यात पडलेली दिसली, की बोट फिरलं. डाखाऊला जाताना ट्रेनमध्ये फिरलं, तेव्हा मी पुढच्या स्टेशनवर धावत उतरून कागदी कपातून चहा आणला आणि दार बंद होता होता आत उडी घेतली. ईशाला तर तो खेळच झाला. ती मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तर द्यायची, पण अण्णांचं बोट हललं की "आजोबा विल टे!" ओरडत स्वयंपाकघरात यायची. अण्णा कप घ्यायचे, तिच्या डोक्यावर हात ठेवायचे, सगळा चहा प्यायचे आणि पुन्हा गप्प. दोन महिने संपले तरी गाडी "बेस्ट हाय"च्या पुढे गेली नव्हती.

फिरायला कुठे जायचं हे मी त्यांना रीतसर विचारलं. पर्वतावरचा राजवाडा, पॅरिस, स्वित्झर्लंड, सगळ्यांची चित्रं छापून टेबलावर मांडली. त्यांनी ती नीट गोळा केली, मला परत दिली आणि म्हणाले, "बर्नली."

त्यांच्या साच्याच्या बाजूला लोखंडात ओतलेली इंग्रजी अक्षरं होती. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. पहिली काही वर्षं ते बर्नली हे साहेबाचं नाव समजत होते, मग जॉबरनं, म्हणजे खात्यातल्या मुकादमानं, सांगितलं की ते विलायतेतलं गाव आहे, साचे तिथून आलेत. दर खंडेनवमीला अण्णा ती अक्षरं रॉकेलने पुसून त्यांना हळदकुंकू लावायचे. असं हे गाव बघायचं होतं.

मी मनातून वैतागलो. इंग्लंडचा व्हिसा वेगळा, त्याचे कागद वेगळे. अर्जात भेटीचं कारण काय लिहायचं? मी "पर्यटन" लिहिलं. मँचेस्टरला उतरून, तिथून रेल्वेने मला असं एक गाव बघायला जायचं होतं ज्याचं नाव कुठल्याच गाइडबुकात ठळक टायपात नव्हतं. वैशालीला रजा नव्हती, ईशाची शाळा होती. म्हणजे मी आणि अण्णा. जावई आणि सासरे, आणि दोघांत बोलण्याचं साधन एक बोट.

बर्नलीत उतरलो तेव्हा अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि कपाळाला अबीर लावला होता. गाव नीटनेटकं पण उदास वाटत होतं. दगडी घरांच्या रांगा, एक कालवा, मधूनच एखादी उंच चिमणी, तिच्यातून धूर नाही. एका गिरणीत गालिच्यांचं दुकान होतं, एकीत फ्लॅट काढले होते, एकीच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. अण्णा प्रत्येक इमारतीच्या भिंतीला तळवा लावून थोडा वेळ उभे राहत होते. तिसऱ्या भिंतीशी त्यांनी हात काढला.

"हिथलं बी बंद पडलं?" ते मोठ्यांदा म्हणाले. रस्त्यावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. "मला वाटलं, आपलं गेलं तरी मूळ गाव चालू असंल."

मला एकदम वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन मी त्यांना पुन्हा सोलापूरच दाखवत होतो. मग गावाबाहेर एका जुन्या गिरणीचं संग्रहालय आहे, तिथे साचे अजून चालवून दाखवतात, असं चौकशीत कळलं आणि आम्ही टॅक्सी केली.

तिथे जीन नावाच्या एक आजीबाई होत्या. ऐंशीच्या आसपास वय, अंगात फुलाफुलांचा एप्रन, तरुणपणी त्याच गावात विणकर. आमच्याखेरीज शाळेची मुलं होती, ती समोरच्या खोलीत सिनेमा बघत होती. बाईंनी चार साच्यांपैकी दोन सुरू केले आणि मी दोन्ही कानांवर हात ठेवले. दोनच साचे, पण पायाखालची फरशी थरथरत होती.

अण्णा मात्र सरळ उभे राहिले. दोन महिन्यांत मी त्यांना इतकं ताठ पाहिलं नव्हतं. ते दोरीच्या पलीकडे वाकले, साच्याला तळवा लावला, डोळे मिटले, मग बाईंना एका बाजूच्या चामडी पट्ट्याकडे बोट दाखवून ओठ हलवले. बाईंनी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, मान डोलावली आणि त्यांनीही आवाज न काढता ओठ हलवले. अण्णांचा चेहरा उजळला. मग जे सुरू झालं ते माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. हे सोलापुरी मराठीत, त्या तिथल्या इंग्रजीत, दोघांचाही आवाज बंद, चारही हात चालू. किती साचे सांभाळायचे, पाळ्या कशा असायच्या, जॉबर कसा कावायचा, एवढं मलाही कळलं. जॉबरची नक्कल दोघांनी एकाच वेळी केली आणि दोघंही पोट धरून हसले. अण्णांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मध्येच अण्णांनी तर्जनी दोनदा गोल फिरवली. मी घड्याळ बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा फिरवली. मग उजव्या हाताने साच्याचा दांडा मागे ओढल्यासारखं केलं, साचा बंद करतात तसं, आणि हात खाली सोडला.  मग बाईंनी खरंच दांडे ओढले आणि साचे थांबवले.

कान अजून वाजत होते. बाई माझ्याजवळ आल्या. "यांची वाइंडिंगमधली कोण होती?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "नाही, नाही. त्यांना चहा हवाय."

"चहा?" त्यांनी अंगठा तोंडाशी नेऊन कप कलंडवल्यासारखा केला. "चहा हा असा. तुमच्याकडे वेगळा असेल कदाचित. पण हे," त्यांनी तर्जनी फिरवली, "हे कांडीवर सूत गुंडाळणं. वाइंडिंग खात्याची बाई. खात्यात हाक अशीच मारायची. आधी माणसाची खूण, मग काय सांगायचं ते. ते कधीपासून तिला हाक मारतायत. आणि मग म्हणाले, ती थांबली."

माई वाइंडिंग खात्यात होत्या. हे मला माहीत होतं. लग्नाच्या बैठकीत कुणीतरी सांगितलं होतं.

कोट घातलेलं कुत्रं. बसमधली पोरं. डाखाऊची ट्रेन. अण्णा प्रत्येक वेळी माईंना हाक मारत होते, अगं हे बघ म्हणून. मग ती नाही हे लक्षात येऊन थांबत होते, आणि तेवढ्यात आम्ही त्यांच्या हातात चहा देत होतो. मला स्वतःची इतकी लाज यापूर्वी वाटली नव्हती.

परतीच्या गाडीची वाट बघताना मी त्यांच्यासमोर बसलो आणि सावकाश, ओठ मोठे करून विचारलं, "चहा नको होता, तर सांगितलं का नाही?"

अण्णांनी सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं उत्तर दिलं. "पोरगी करून आणायलीय, न्हाय कसं म्हणायचं, पाव्हणं?"

एर्लांगेनला परतल्यावर मी वैशालीला सगळं सांगितलं. ती ओट्याकडे वळली. "म्हणजे आई त्यांचं ऐकायला जायची," ती म्हणाली. "आणि ऐकून झालं की चहा करायची."

रविवारी दुपारी आम्ही बाल्कनीत होतो. खालून एक आजोबा सायकलच्या मागे छोटी गाडी जोडून चालले होते, आणि गाडीत दोन मांजरं बसली होती. अण्णांची तर्जनी वर गेली, अर्धी फिरली. ईशा उठायला लागली तशी वैशालीने तिचा हात धरला आणि स्वतः अण्णांच्या अगदी समोर जाऊन बसली.

"सांगा, अण्णा."

 अण्णांनी ते बोट मिटलं. थोडा विचार केला आणि दोन्ही हातांची बोटं हवेत टकटक चालवली, कॉम्प्युटरवर चालवतात तशी. वैशाली सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने मागे माझ्याकडे बघितलं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला नाव मिळालं होतं.

मग ते बोलायला लागले. मांजरांपासून सुरुवात झाली, पण तिथे थांबली नाही. हात कमरेशी गेले, दवाखान्यातल्या खाटेसारखे आडवे झाले, खाली आले, पुन्हा उठले. वैशाली त्यांच्या ओठांवरून नजर हलवत नव्हती. सगळं कळलं का, असं मी तिला रात्री विचारलं, तर म्हणाली, चारात एक शब्द. रूहेत्साइट चालू होती आणि आमच्या बाल्कनीतून जराही आवाज येत नव्हता.

बऱ्याच वेळाने अण्णा थांबले. तोंडावरून पंचा फिरवला, माझ्याकडे वळले आणि अंगठा ओठांशी नेऊन कप कलंडवला. ही खूण ते आमच्या घरात पहिल्यांदाच करत होते. मी उठलो आणि चहा टाकला.