विहिरीचं आवतन

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लेख मागवायचे असले की आमचे वानखडे सर खिशात अक्षता भरून घरोघर हिंडतात. फळ्यावर सूचना लावणं त्यांना अपमान वाटतो.

"फळ्यावर आवतन असते काय बे? आवतन घरी जाऊन द्या लागते."

सर मराठी शिकवतात, मी इतिहास. प्राचार्यांनी मला सहसंपादक केलं, म्हणजे सरांच्या मोटरसायकलवर मागे बसायचं काम दिलं. यंदा मुलांनी लिहिलं नाही तर अंक कायमचा बंद, असंही बजावलं. त्यामुळे मलकापूर ते धामणगाव बढे, रस्त्यातला एकही खड्डा माझ्या कमरेला चुकला नाही. प्रत्येक घरी गोडमिट्ट चहा. लग्नाचं बोलावणं करावं तशा सर पोरांच्या हातावर अक्षता ठेवणार, "आमची विहीर" हा यंदाचा विषय सांगणार आणि निघताना म्हणणार, "लेख माह्या घरी आणून द्याचा. रविवारी. मी वाट पाहीन."

एका घरी वांग्यांची पोती शिवत बसलेला बाप म्हणाला, "सर, विहिरीवर काय लिहीन पोरगी? पानीच नाही तिले."

"मंग तेच लिहू द्या ना."

एवढ्यावर भागलं नाही. सर ती कोरडी विहीर पाहायला शेतात गेले, मलाही ओढत नेलं. ऊन मी म्हणत होतं. मला आत गाळ दिसला. सर मात्र काठावर उभं राहून त्या पोरीलाच विचारत होते, तिला काय काय दिसतं म्हणून.

इतक्या घरचा चहा पिणाऱ्या या माणसाच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. कॉलेजातलं कुणीच गेलं नसावं. बायको वारल्यापासून ते एकटेच राहतात, एवढं ऐकून होतो.

रविवारी सकाळपासून माझा फोन वाजत राहिला. पोरांनी लेख लिहून त्यांचे फोटो पाठवले होते. सगळे मला, कारण सरांचा फोन साधा, बटणांचा. दुपारपर्यंत अंक भरला. सुटलो एकदाचा, म्हणत मी बातमी द्यायला सरांच्या घरी गेलो.

दार सताड उघडं. सतरंज्या अंथरलेल्या, शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या, परातभर चिवडा. सर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वांगीवाल्याच्या पोरीचा लेख सावकाश वाचला.

"चांगलं लिहिलं बे पोरीनं." मग दाराकडे पाहत म्हणाले, "म्हणजे आता कोनी येत नाही."

मला फार वाईट वाटलं. ओट्यावर येऊन मी मुलांच्या ग्रुपवर लिहिलं: फोनवरचे लेख चालणार नाहीत. कागद घेऊन आत्ताच्या आत्ता सरांच्या घरी या.

आत येऊन म्हणालो, "सर, फोटो नीट दिसत नाहीत. पोरांना इकडंच बोलावलंय."

"काऊन? मले तर चांगले दिसले," सर म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला लगबगीनं उठले.