गजभिये डॉक्टरांचा नेहमीचा प्रश्न

आमच्या हिंदीभाषक शहरात नेपियर टाउनमधले गजभिये डॉक्टर दवाखान्यात भर डिसेंबरात कूलर लावतात. पाणी नाही, नुसता पंखा; आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा. तो सुरू झाला की बाहेर शाली पांघरून बसलेल्यांना कळतं, आत कोणाचा तरी वयात आलेला मुलगा आहे.

मुलगा खोकल्यासाठी आलेला असो की हॉस्टेलच्या फिटनेस सर्टिफिकेटसाठी, डॉक्टर वजन आणि रक्तदाब बघतात आणि आईला म्हणतात, "ताई, आता तुम्ही बाहेर." आई उठत नाही. आमच्याकडे डॉक्टरांना उत्तरं आईच देते, मुलगा बारावीत असला तरी.

"काहून? माझ्यापासून काय लपवून राहिला तो?"

"काहीच नाही. म्हणूनच बाहेर."

मग कूलर, आणि मुलाशी हिंदीत बोलणं. शरीरसंबंध आला आहे का, काही त्रास आहे का, रक्त तपासायचं का. 'गुप्तरोग' हा शब्द त्यांना खपत नाही. "गुप्त काय त्यात? मलेरियाला म्हणता काय गुप्त?"

विजय नगरचे एक इंजिनिअर दवाखान्यात येऊन ओरडले होते, "हमारा लड़का ऐसा नहीं है!"

"भैया, मैंने ब्लड प्रेशर भी देखा था. तब तो आप नहीं बोले."

मी पेपरात काम करतो, दवाखान्याच्या समोरच राहतो. पेशंटांचा बाहेरचा बाक रिकामा होत गेला तो मला खिडकीतून दिसत होता. पुढे तर डॉक्टरांनी रस्त्यात ज्या मुलाला 'कैसे हो' म्हटलं, त्याच्यावरच लोक संशय घेऊ लागले. आया मुलांना घेऊन पलीकडच्या फुटपाथनं जायच्या.

"सोडून द्या ना तो प्रश्न," मी एकदा म्हणालो.

"मग विचारन कोण? तुमचा पेपर?"

गेल्या हिवाळ्यात एका मुलानं हो म्हटलं. तपासणीत सिफिलिस निघाला. इंजेक्शननं बरा होणारा. डॉक्टरांनी त्याला शब्द दिला होता, घरी कळणार नाही. पण लॅबमधल्या माणसानं आडनाव वाचलं आणि आपल्याच समाजातला मुलगा म्हणून मोठ्या आपुलकीनं त्याच्या काकांना फोन केला.

वडील दवाखान्यात आले. "तपासलंच काहून? तपासलं नसतं तर काही झालं नसतं." इंजेक्शनला त्यांनी नकार दिला. मुलाचं कॉलेज सोडवलं आणि त्याला जवळच्या पाटणला, मंडीत मामाच्या आडतीवर धाडलं.

तेव्हापासून डॉक्टर रविवारी दवाखाना बंद ठेवून स्कूटरवर पाटणला जातात. पिशवीत इंजेक्शन असतं. मुलगा फोनवर येतो म्हणतो; येत नाही. एका रविवारी मी मागं बसलो.

मंडीच्या फाटकाशी मटाराचे ढीग होते. त्या दिवशी मुलगा खरंच आला, पण शेजारी मामा होता आणि मागं आडतीवरची माणसं. मुलानं डॉक्टरांना पाहिलं. तो थबकला.

डॉक्टरांनी ताबडतोब पाठ फिरवली. मटाराच्या ढिगावर वाकून ते विक्रेत्याशी भावावरून वाद घालू लागले, मोठ्यानं, हिंदीत.

"चल बे," मामा म्हणाला. ती मंडळी पुढं गेली.

डॉक्टर वाकलेलेच होते. "गेला काय?"

"गेला."

"मी काही पाहिलं नाही. तब्येत कशी दिसली त्याची?"

"बरी दिसली," मी म्हणालो. मला त्यातलं काही कळत नाही.