भूलतज्ज्ञ मॅडमची खुर्ची

सरकारी दवाखान्याला सव्वातीन वर्षांनी भूलतज्ज्ञ मिळाल्या, आणि हेडक्लार्कनी पहिल्याच दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांना घालवलं.

मुद्दाम नाही हो. याआधी चार भूलतज्ज्ञ आले तसे गेले. दर वेळी धावपळ नको म्हणून हेडक्लार्क रुजू होण्याच्या अर्जालाच कार्यमुक्तीचा आदेश टाचून ठेवत, तारीख तेवढी कोरी. आज सवयीने हात चालला आणि तारीखही पडली. मोठ्या साहेबांनी न वाचता दोन्हींवर सही ठोकली. प्रत मुख्यालयात पोचलीसुद्धा.

"अहो, मी अजून पर्ससुद्धा खाली ठेवली नाहीये!" मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "हेडक्लार्क, गुरुवारी तुमच्या ताईंचं ऑपरेशन ना? आता भूल कोण देणार, तुम्ही?"

ताई आठ महिने पित्ताचे खडे सांभाळत बसली होती. रोज फोनवर एकच, "आली का रे तुझी ती भूलवाली?"

हेडक्लार्कनी मुख्यालयाला फोन लावला. पलीकडचा आवाज शांत होता. "आदेश रद्द व्हायला तीन महिने तरी लागतील. तोवर सामान परत केल्याचे सगळे दाखले घ्या आणि बाईंना सोडा. एक जरी दाखला राहिला तर सोडता येणार नाही. तोवर त्या तुमच्याच."

बाकीचे दाखले तासाभरात झाले. राहिलं भांडार. भांडारपाल चष्म्यावरून बघत म्हणाले, "खुर्ची जमा करा."

"मला मिळालीच नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग आधी घ्या, मग परत करा. त्याशिवाय दाखला नाही."

"द्या मग."

"कुठून देऊ? खुर्च्यांची मागणी दोन वर्षं वर पडून आहे."

सव्वीस वर्षं हेडक्लार्कनी या माणसाच्या नावाने बोटं मोडली होती. आज त्यांनी मनोमन हात जोडले.

गुरुवारी ताईचं ऑपरेशन झालं. मॅडम स्टुलावर बसून होत्या.

रद्दचा आदेश अजून यायचाच आहे. मागच्या आठवड्यात मात्र नव्याकोऱ्या खुर्च्यांचा टेम्पो फाटकात येऊन थांबला. हेडक्लार्क अनवाणीच धावले. "रंग मागणीप्रमाणे नाही. परत न्या!"

"अहो, एक तरी उतरवा," ड्रायव्हर काकुळतीला आला.

मागे मॅडम उभ्या होत्या. हेडक्लार्कचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेली होती.

मॅडमनी काखेतली गादी सारखी केली. स्टुलासाठी ताईने शिवून पाठवलेली.

"रंग खरंच नाही जुळत," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, आणि ऑपरेशनला निघून गेल्या.