शुभेच्छुक अंगद

सायलीची मुलाखत शुक्रवारी होती, आणि तिची निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदनाचा फ्लेक्स चौसाळ्याच्या चौकात सोमवारीच झळकला.

कापसाच्या जिनिंग मिलमधलं हिशेबाचं काम आटोपून ती स्कुटीवरून घरी निघाली होती. चौकात तिला स्वतःचंच तोंड दिसलं. मामेबहिणीच्या लग्नातला नथीचा फोटो, खाली ‘पुणे येथील नामांकित महाविद्यालयात एम.बी.ए.साठी निवड’, आणि त्याखाली गॉगल घालून हात जोडलेला अंगद, शुभेच्छुक. शुभेच्छुकाचा फोटो तिच्या फोटोहून बोटभर मोठाच होता.

अंगद हा तिचा चुलतभाऊ. गावात कुणाचं काही चांगलं झालं की आधी त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं आणि लगेच तो फ्लेक्स छापायला धावायचा.

“दादा, आरं निवड कुठं झालीय? नुसतं मुलाखतीला बोलावलंय!”

“मला ठावं हाय की.”

“मग फ्लेक्स कावून लावला?”

“आचारसंहिता लागायलीय झेडपीची, आज ना उद्या. तुझी निवड व्हईल तवा फ्लेक्सला बंदी राहील. मग काय मुकाट्यानं जाणार का तू पुण्याला? म्हणून आधीच लावून घेतला.”

यात चूक काय हे त्याला खरोखरच कळेना. सायली वडिलांकडे धावली. राधाकिशनअप्पा गावच्या राजकारणात मुरलेले. एका जागी बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते ओट्यावर येरझारा घालत म्हणाले, “काढायला एक मिनिट लागत न्हाई. पण काढला तर लोक काय म्हणतील? पोरीचं रद्द झालं म्हणतील. ऱ्हाऊ दे. तू फक्त निवड तेवढी करून घे.”

जणू निवड दुकानात मिळते आणि ती आणायची राहिली आहे!

परीक्षेत पर्सेंटाइल चांगलं आलं होतं, नोकरीचा अनुभव होता, कागदपत्रं जोडून झाली होती. उरली होती फक्त मुलाखत. तिला पुण्याला जायचं होतं, अगदी मनापासून. जिनिंगमध्ये दुसऱ्याच्या कापसाचा हिशेब लिहिण्यात जन्म काढायचा नव्हता. एरवी नापास झाली असती तर एकटीनं उशीत तोंड खुपसून रडता आलं असतं. आता सगळ्या गावासमोर रडावं लागणार होतं.

मंगळवारी सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, पुन्हा शाल. छबुबाई, म्हणजे सायलीची आई, चहा करून करून टेकीला आली. “आवं, निवड व्हायचीय अजून,” असं ती प्रत्येकाला सांगायची, आणि प्रत्येक जण “लई साधी मानसं हायेत तुमी,” म्हणत दुसरा कप घ्यायचा.

बुधवारी बबनरावांना जाग आली. बबनराव म्हणजे अप्पांचा विरोधी गट. गावच्या लेकीचं अभिनंदन एकट्या अप्पांच्या घरानं करावं हे त्यांना खपेना. त्यांनी दुप्पट मोठा फ्लेक्स आणून अंगदच्या फ्लेक्सच्या बरोबर पुढे उभा केला. निवडीचं अभिनंदन तर होऊन गेलेलं. मग बबनरावांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि ‘एम.बी.ए. पदवी उत्तीर्ण झाल्याबद्दल’ असं छापलं.

सायलीची दोन वर्षं अशी एका रात्रीत उरकली. आपला फ्लेक्स झाकला गेला म्हणून अंगद संतापला. त्यानं तो सोडवला आणि गुंडाळी करून घरी आणून टाकला.

गुरुवारी महाविद्यालयाची सूचना आली. मुलाखत मोबाइलवर. खोली शांत हवी, मागची भिंत साधी, फिकट हवी आणि खोलीत दुसरं कुणीही नको. अप्पांच्या बैठकीची भिंत पोपटी, तीही अप्पांच्या सत्कारांच्या फोटोंनी भरलेली. शिवाय बैठकीत माणसं. शांत खोली एकच होती, कापसाची. तिथं अर्ध्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नसे.

“मागं पांढराशुभ्र कापूस दिसंल की,” अंगद म्हणाला.

“दादा, मी मुलाखतीला बसलेय का लिलावाला?”

अंगदनं क्षणभर विचार केला आणि त्याचे डोळे चमकले. फ्लेक्सची मागची बाजू कोरी पांढरी असते! त्यानं गुंडाळी उलगडली, छापील बाजू कापसाकडे केली आणि दोरीनं दोन खिळ्यांना फ्लेक्स ताणून बांधला. भिंत झकास झाली. सायलीला पहिल्यांदाच त्याचं कौतुक वाटलं.

शुक्रवारी मुलाखत सुरू झाली. पलीकडे एक मॅडम आणि एक सर. इंग्रजीतले पहिले दोन प्रश्न बरे गेले. तिसऱ्या प्रश्नाला मागून सळसळ ऐकू आली. खिळा सैल झालाय असं वाटून अंगद आधीच मागे जाऊन, दोरी धरून, कमरेएवढ्या कापसात उभा होता. खोलीत कुणी नको हा नियम त्याला माहीत होता. पण आपण खोलीत नसून फ्लेक्समागे आहोत, असं त्यानं स्वतःला पटवलं होतं.

कापसाचा तंतू त्याच्या नाकात गेला. तो जो शिंकला, त्यानं दोरी सुटली. फ्लेक्स एका कोपऱ्यावर लटकून गर्रकन फिरला आणि छापील बाजू पुढे आली. पडद्यावर नथीतली सायली, हार्दिक अभिनंदन, गॉगलमधला अंगद दिसू लागला. त्याच्या शेजारी केसांत कापूस अडकलेला खरा अंगद. घाबरून त्यानंही हात जोडले.

पलीकडे मॅडम पडद्याजवळ वाकल्या. मग सर मराठीत म्हणाले, “हे कोण?”

“सर, शुभेच्छुक,” सायलीच्या तोंडून निघून गेलं.

मॅडम फ्लेक्स वाचत होत्या. “आमच्याकडे निवड झाली तुमची? आम्हाला कुणी बोललं नाही!”

संपलंच, असं वाटल्यावर सायलीची भीती मेली. तिनं सगळं सांगून टाकलं. आचारसंहिता, शाली, बबनरावांनी दिलेली पदवी, सगळं. “दादाचं चुकलं, पण वाईट हेतू नव्हता, मॅडम. मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं.”

“आणि आम्ही नाही घेतलं तर?”

“तर सगळ्यांचे नारळ परत द्यावे लागतील. त्यातले बरेच आम्ही खाल्ले.” मग ती मोबाइलच्या जवळ सरकली. “पण सर, फ्लेक्स नसता तरी मला यायचंच होतं. खरंच यायचंय.”

“कळवू,” एवढंच सर म्हणाले.

त्यानंतरचे दिवस कुणाचेच धड गेले नाहीत. अप्पांनी ओट्यावर फेऱ्या मारून चप्पल झिजवली. सायली दर थोड्या वेळानं मोबाइल उघडायची आणि छबुबाई तिच्या तोंडाकडे बघायची. अंगद कुणाच्या समोरच येईना. आचारसंहिता लागली आणि ग्रामपंचायतीनं बबनरावांचा फ्लेक्स उतरवला. महाविद्यालयाची निवडयादी लागली त्यानंतर.

यादीत सायलीचं नाव होतं!

अप्पा पेढ्यांचा बॉक्स घेऊन चौकात धावले. “पोरीची निवड झाली!”

चहावाला बिभीषण पेढा तोंडात टाकत म्हणाला, “अप्पा, ते कवाच झालं की. मीच शाल दिलती.”

बबनरावांनी तर पेढा हातातच धरला. “पदवी झाल्यावर पुन्हा प्रवेश? नापास झाली की काय पोरगी?” संध्याकाळपर्यंत चार बायका छबुबाईचं सांत्वन करून गेल्या.

सायलीला रडू आलं. एवढी वाट पाहिली आणि खऱ्या दिवशी अभिनंदन करायला कुणी नाही! ती मागच्या गोठ्यात जाऊन बसली. म्हशीला वारा लागू नये म्हणून छबुबाईनं अंगदचा फ्लेक्स तिथं आडोशाला बांधला होता, छापील बाजू आत करून. सायलीनं तो पहिल्यांदाच सावकाश वाचला. आज त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. तिनं डोळे पुसले.

“थँक्यू बरं का,” ती गॉगलवाल्या फोटोला म्हणाली.

फ्लेक्सच्या पलीकडून अंगदचा दबका आवाज आला, “कुणाला म्हणायलीस गं?”

“शुभेच्छुकाला.”