वाळवंट, व्हाया मुंबई

जहूरभाई खोकं बांधायला बसले की त्यांच्या हातांना डोक्याची गरज उरत नसे. ओमानमधल्या रुवीच्या एका भांड्यांच्या दुकानात काचेचे सेट भरण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती, आणि उरलेली निम्मी बिल्डिंगमधल्या लोकांची खोकी बांधण्यात. कुणीही सुट्टीवर गावी निघालं की खोकं जहूरभाईंकडे यायचं. कडेने चिकटपट्टी, वरून निळी नायलॉनची दोरी, उचलायला मूठ होईल अशी मधोमध त्यांची खास गाठ, आणि शेवटी जाड मार्करने नाव, गाव, तालुका, जिल्हा, व्हाया मुंबई.

त्या सोमवारी संध्याकाळी ते बांधत होते ते खोकं मात्र गावाला जायचं नव्हतं. ते वहिबाच्या वाळवंटात जायचं होतं. गुरुवारी सकाळी यासिर नावाचा ओमानी गाइड त्यांना, त्यांच्या बायकोला साबेराला आणि मुलगी अदीबाला लँड क्रूझरमधून नेणार होता. एक रात्र तंबूत मुक्काम आणि शुक्रवारी संध्याकाळी परत. सामान टपावर जाईल तेव्हा घट्ट बांधा आणि गरम पांघरूण विसरू नका, एवढंच त्याने सांगितलं होतं. पांघरुणाचं ऐकून जहूरभाई हसले होते. एक तर वाळवंटात थंडी कसली, आणि दुसरं म्हणजे घरात जाड ब्लँकेट नव्हतंच. आखातात ब्लँकेट ही गावाला पाठवायची वस्तू आहे. ते स्वतः पांघरणारा माणूस अजून कुणी पाहिला नव्हता.

सहल ठरली होती ती साबेरामुळे. ती रुवीत आल्यापासून दर हिवाळ्यात वाळवंट बघायचं ठरे आणि दर हिवाळ्यात ते मोडे, कारण जहूरभाईंना कुणालाही नाही म्हणता येत नसे. एकदा कुणाचा तरी मेहुणा आयत्या वेळी उतरायला आला, एकदा शेजाऱ्याला दवाखान्यात नेणारं कुणी नव्हतं, आणि मागच्या वर्षी तर निघायच्या दिवशी पहाटे कुणीतरी तीन खोकी बांधायला आणून टाकली. एवढ्या वर्षांत साबेराने ओमान पाहिला तो रुवीच्या बाजारापासून मत्राच्या समुद्रकाठापर्यंत. या वर्षी मात्र ती आरडाओरडा न करता, भाजी चिरता चिरता बोलली आणि त्यामुळेच जहूरभाई घाबरले.

"या खेपेला नाय गेलाव, तर मी नि अदीबा सुट्टीला गावाला जाताव ती परत येत नाय. तिला तिथंच शाळेत घालते. तुमी रवा तुमच्या लोकांबरोबर."

लग्नाआधी जहूरभाई एका खोलीत सहा जणांबरोबर राहिले होते. आळीपाळीने केलेली डाळ, दारामागे लटकणाऱ्या सहा लुंग्या आणि दर शुक्रवारी दुपारी येणारं ते रडू, सगळं त्यांना आठवत होतं. ते दिवस त्यांना परत नको होते. त्यांनी त्याच दिवशी जाऊन यासिरला पक्कं सांगून टाकलं होतं.

तर असं ते खोकं बांधून झालं. जहूरभाईंनी मार्कर उघडला, आणि हाताने डोक्याला न विचारता नेहमीचं लिहून टाकलं. जहूर अब्दुल्ला, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा रत्नागिरी, व्हाया मुंबई. चारही बाजूंना, मोठ्या अक्षरात.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा इक्बाल दार ढकलून आत आला. त्याच्याही हातात खोकं होतं. इथेच ओमानात, सोहारला मामाकडे काही सामान पाठवायचंय, जरा बांधून द्या, असं तो म्हणाला. जहूरभाईंनी बांधून दिलं. गाठ पडेपर्यंत इक्बालने शेजारचं खोकं चारही बाजूंनी वाचलं.

"जहूरभाई, गावाला निघालाव? आनि कुनाला पत्ता नाय?"

जहूरभाईंनी तेव्हा खोक्याकडे पाहिलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग हसून सगळं समजावून सांगितलं, की वाळवंटात जाणार आहोत, पैसे भरलेत, हे लिहिलं ते सवयीने. इक्बालने मान डोलावली. रत्नागिरीच्या माणसाने वाळू बघायला पैसे भरले, यावर त्याचा विश्वास बसला नाही, निदान चेहऱ्यावरून तरी तसं वाटलं. तो आपलं खोकं उचलून गेला आणि कुणाला सांगू नका असं बजावत त्याने जहूरभाई गावी निघाल्याची बातमी प्रत्येक मजल्यावर सांगितली.

आता आखातातला एक रिवाज सांगायला हवा. कुणी गावी निघालं की बिल्डिंगमधला प्रत्येक जण त्याच्याकडे एक पार्सल देतो. छोटंसंच असतं, जागाच कितीशी लागते. अशी छोटीशी पंधरा पार्सलं झाली की जाणाऱ्याचे स्वतःचे कपडे मागे राहतात. म्हणून काही लोक कुणाला न सांगता गुपचूप निघतात, आणि अशा लोकांबद्दल मग वर्षानुवर्षं बोललं जातं. तेव्हा जहूरभाई जितकं 'मी गावाला जात नाही' म्हणू लागले, तितकी लोकांची खात्री पटत गेली.

पहिल्या आल्या तळमजल्यावरच्या सफियाखाला. म्हाताऱ्या बाईंच्या हातात गुडघ्याला लावायच्या मलमाच्या बाटल्या होत्या, गावच्या बहिणीसाठी. जहूरभाई म्हणाले, "खाला, मी खरंच वालवंटात चाललोय." खालांनी बाटल्या पदराखाली घेतल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून हळूच म्हणाल्या, "जागा नसंल तर तसा सांग बाला. खोटा कशाला बोलतंस? यूनुसनंपन मागच्या वर्साला असाच केलान."

जहूरभाईंनी धावत जाऊन बाटल्या घेतल्या.

खालांचं घेतलं म्हटल्यावर बाकीच्यांना नाही कसं म्हणणार? मंगळवारी दूध पावडरचे डबे आले, सरबताची पावडर आली, साबणाच्या वड्या आणि विजेऱ्या आल्या, कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाची व्हिडिओ कॅसेट आली. समोरच्या दयानंदने मालवणला आईवडिलांसाठी कुकर दिला. रत्नागिरी आणि मालवण यांच्यात अंतर आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. जाता जाता त्याने सहज विचारलं की तुमचा हा फ्लॅट किती महिन्यांसाठी रिकामा राहणार. सुट्टीचा हंगाम नसताना हे निघाले म्हणजे नोकरी गेली असणार, असा हिशेब त्याने मनाशी केला होता, आणि तो हिशेब खाली वॉचमनलाही ऐकवला.

बुधवारी साबेरा बाजारातून परत आली तर एक अनोळखी बाई तिच्याच बैठकीच्या खोलीत टेपने खिडकी मोजत होती. वॉचमनने तिला जागा दाखवायला आणलं होतं आणि अदीबाने मेहमान समजून सरबत दिलं होतं. पडद्याचा रंग बाईंना आवडला नव्हता. साबेराने तिला सरबत संपवू दिलं, दार लावलं आणि कोपऱ्यात रचलेल्या पार्सलांकडे बोट दाखवलं.

"आत्ताच्या आत्ता ही परत देऊन या."

"आता दिली तर म्हनतील घेऊन परत केली. आलो की कोनतरी जानारा बघू नि त्याच्याकडं देऊ."

"म्हंजे तोवर घरात ठेवायची?"

जहूरभाईंनी घसा साफ केला. घरात ठेवता येणार नव्हती. सकाळी सगळी बिल्डिंग निरोप द्यायला खाली येणार होती, आणि आपापलं पार्सल टपावर चढलं की नाही हे बघणार होती.

"तर तुमी लोकांचा साबन वालवंटात फिरवून आननार," साबेरा म्हणाली. "आनि यासिरच्या गाडीत जागा नाय उरली, तर कोन उतरनार? मी नि अदीबा?"

जहूरभाईंना ती आवाज न चढवता भाजी चिरणारी साबेरा दिसू लागली.

संध्याकाळी दुकानाच्या मालकाचाही निरोप आला. अर्बाब रागावला होता, कारण जहूर कायमचा निघाला हे त्याला शेजारच्या दुकानदाराकडून कळलं होतं. जहूरभाई धापा टाकत पोचले. अर्बाबाने त्यांचं ऐकून घेतलं, मग तिजोरी उघडून त्यांचा पासपोर्ट जागेवर आहे ना ते पाहिलं आणि खात्री झाल्यावर शांत झाला. वाळू बघायला पैसे कशाला दिले, माझ्या घरामागे भरपूर पडलीय, एवढंच तो म्हणाला. सबंध रुवीत जहूरभाईंवर विश्वास ठेवणारा हा एकटाच माणूस निघाला, पण त्याचं काही पार्सल नसल्यामुळे त्याचा उपयोग नव्हता.

गुरुवारी सकाळी यासिर आला तेव्हा बिल्डिंगखाली लग्नाच्या वऱ्हाडाएवढी गर्दी होती. सफियाखाला दुआ पुटपुटत अदीबाच्या डोक्यावर फुंकर घालत होत्या. दयानंद कुकरचं झाकण उलटं बांधायला सांगत होता. सगळे आले होते, फक्त इक्बाल तेवढा दिसत नव्हता. टप भरला, मागची जागा भरली, आणि साबेराच्या मांडीवर दूध पावडरचे डबे आले. यासिरने तंबू, कोळसा आणि पाण्याचे कॅन कसेबसे कोंबले. मग तो जहूरभाईंना बाजूला घेऊन, दोस्ताला सिदीक म्हणायच्या त्याच्या हिंदीत म्हणाला, "सिदीक, एक रात का कॅम्प है. तुम उधर दुकान खोलेगा?"

गाडी निघाली. साबेरा खिडकीबाहेर बघत राहिली. पुढे नरम वाळू लागली की इतकं वजन चालणार नाही, काहीतरी उतरवावंच लागेल, असं यासिर बजावत होता. जहूरभाई मनातल्या मनात हिशेब करत होते की दयानंदचा कुकर रस्त्याकडेला कुठे ठेवता येईल.

विमानतळाच्या अलीकडे यासिर हवा भरायला पेट्रोल पंपावर थांबला. पलीकडे एक टॅक्सी उभी होती आणि तिच्या डिकीत दोन खोकी होती. अदीबा काचेला नाक लावून बघत होती.

"अब्बा, तो बॉक्स... त्याला तुमचा नॉट आहे."

निळी दोरी आणि मधोमध मूठ. सोहारच्या मामाचं खोकं. पलीकडे सूटबूट, टाय आणि नवा गॉगल लावलेला इक्बाल टॅक्सीच्या आड होण्याचा प्रयत्न करत होता. सूट घालून कुणी सोहारला जात नाही, गावालाच जातात.

क्षणभर जहूरभाईंना वाटलं की आपणच तोंड फिरवावं. एवढी लाज त्यांना इक्बालची वाटली. मग आख्ख्या बिल्डिंगला आपल्या दारात कुणी पाठवलं ते त्यांच्या लक्षात आलं, आणि साबेराच्या मांडीवरचे डबे त्यांना दिसले. ते उतरले.

"इक्बालभाई, बरा झाला भेटलाव. गावालाच जाताव ना?"

इक्बालला घाम फुटला होता. आयत्या वेळी ठरलं, तार आली, असं काहीबाही तो बोलत राहिला आणि शेवटी वजनावर आला. जहूरभाईंनी सगळं मान हलवत ऐकलं. त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता.

"खरा हाय. वजनाचा प्रॉब्लेम असतोच. जागा नसंल तर नको. मी उद्या संध्याकाली सगल्यांना सांगतो, इक्बालभाई एअरपोर्टला भेटले हुते, पन त्यांच्याकडं जागा नव्हती. सफियाखालांना आधी सांगतो."

इक्बालने गॉगल काढला. आयुष्यभर आपण ज्या जागी उभे होतो तिथे दुसरा कुणी उभा असला की कसा दिसतो, हे जहूरभाई पहिल्यांदाच बघत होते.

त्यांनी पंपावरच खोकी सोडली आणि हात चालू झाले. मलम कपड्यांच्या घड्यांत गेलं, साबण बुटांत गेले, डबे तळाशी बसले, कुकरच्या पोटात विजेऱ्या आणि कॅसेट. यासिर हवा भरायची विसरून बघत उभा राहिला. सगळं मावलं, फक्त इक्बालने मेहुणीसाठी घेतलेलं गुलाबाच्या फुलांचं डबल ब्लँकेट काही केल्या आत जाईना.

"ह्या र्‍हावू दे," जहूरभाई म्हणाले. "आमी सांभालताव. तुमी आल्यावर घेऊन जावा."

हे सगळं होईपर्यंत साबेरा गाडीतून उतरली नाही. जहूरभाई शेजारी येऊन बसले तेव्हा तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि मांडीवरच्या रिकाम्या जागेत ब्लँकेट ओढून घेतलं. पुढे इब्रापर्यंत ती मधूनमधून एकटीच हसत होती.

वाळवंटात थंडी कसली म्हणणाऱ्या जहूरभाईंचे दात सूर्य बुडाल्याबरोबर वाजू लागले. तिघंही त्या गुलाबांखाली बसली. वाळू आधी केशरी झाली, मग राखाडी. साबेरा म्हणाली की इतकं मोठं काही आपण आजवर पाहिलंच नव्हतं. जहूरभाईंचे डोळे भरून आले, आणि ते अंधारामुळे दिसले नाहीत याचं त्यांना बरं वाटलं. गावाला कायमचं जायचं कुणी काढलं नाही. त्याऐवजी, ह्यापुढे कुणाचं एक पार्सल घरात येऊ देणार नाही, असं साबेराने जाहीर केलं.

सकाळी निघताना कॅम्पवर रोटी भाजणारी यासिरची म्हातारी आत्या हातात गाठोडं घेऊन आली. तिने ते जहूरभाईंना दिलं नाही, सरळ साबेराच्या हातात ठेवलं आणि अरबीत बरंच काही बोलली. यासिरने सांगितलं की आत खजूर आणि तूप आहे. तिचा मुलगा रुवीत टॅक्सी चालवतो, तुमच्या घराजवळच राहतो, आणि त्याला पोचवशील का असं ती विचारतेय. यासिर स्वतः या तिघांना रुवीच्या बसमध्ये बसवून पुढे सूरला जाणार होता.

जहूरभाई बायकोकडे बघत राहिले.

साबेराने गाठोड्याचं वजन हातात तोलून बघितलं. म्हातारीकडे बघितलं. मग खाणंपिणं संपून रिकामं झालेलं ते 'व्हाया मुंबई'चं खोकं पुढे ओढलं, गाठोडं आत ठेवलं आणि नवऱ्यापुढे मार्कर धरला.

"रुवी लिवा," ती म्हणाली. "फक्त रुवी."